अटादच्या खळ्यावर सात दिवस

(चिंतनासाठी वाचन : उत्पत्ती ५०:१-२१ आणि लूक २४:१३-३५)



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने आपल्या मृत बंधू-भगिनींच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. २ तारखेला आपण दफनभूमीत जमतो. आदल्या दिवशीच कबरी झाडून-धुऊन घेतलेल्या असतात, फुले वाहिलेली असतात, संध्याकाळी मेणबत्त्या लागतात. मृतांची नावे लिहिलेले लिफाफे महिनाभर वेदीपाशी असतात. त्यांतल्या काही लिफाफ्यांत यंदा पहिल्यांदाच कुणीतरी आपल्या आईचे किंवा वडिलांचे नाव लिहिले आहे. ज्यांनी ते लिहिले, त्यांच्यासाठी आजचे हे चिंतन आहे.

२०२४ च्या नोव्हेंबरात एका भाविकाने मला विचारले होते, "फादर, बाबांना जाऊन दोन महिने झाले. सातव्या दिवसाची मिस्सा झाली, महिन्याची झाली. पण घरात बसवत नाही. वाटते, गाडी काढावी आणि चार दिवस सगळ्यांना घेऊन लांब कुठेतरी जावे. पण लोक म्हणतील, बाप मातीत जाऊन दोन महिने झाले नाहीत तोच हे फिरायला निघाले. हे पाप आहे का?"

प्रश्न साधा वाटतो, पण तो अनेकांच्या मनात असतो आणि विचारायला संकोच वाटतो. माझ्या मते त्याचे उत्तर पवित्र बायबलच्या पहिल्याच पुस्तकात आहे. उत्पत्तीच्या पुस्तकाचा शेवट अशाच एका प्रवासाने होतो. एक मुलगा आपल्या वडिलांसाठी शोक करीत लांबच्या वाटेला निघतो, वाटेत थांबतो आणि परत येतो.

याकोब आपल्या आयुष्याची शेवटची १७ वर्षे मिसर देशात राहिला आणि वयाच्या १४७ व्या वर्षी त्याने देह ठेवला. योसेफ वडिलांच्या तोंडावर पडून रडला, त्याने त्यांचे चुंबन घेतले. वैद्यांनी देहाला सुगंधी द्रव्ये भरली, त्याला ४० दिवस लागले. मिसरी लोकांनी ७० दिवस शोक पाळला. ते दिवस सरल्यावर योसेफाने फारोकडे निरोप पाठवला : 'कनान देशात पुरीन असे वचन मी वडिलांना दिले आहे, मला जाऊ द्या, मी परत येईन.' फारोने परवानगी दिली. मग केवढा तरी ताफा निघाला. भाऊ निघाले, घरची माणसे निघाली, फारोचे सरदार निघाले, रथ आणि घोडेस्वार निघाले. लहान मुले आणि गुरेढोरे तेवढी गोशेनात मागे राहिली. यार्देनेच्या पलीकडे अटाद नावाच्या ठिकाणी एक खळे होते. तिथे ते थांबले आणि योसेफाने वडिलांसाठी सात दिवस मोठा शोक केला. तो पाहून तिथल्या कनानी लोकांनी त्या जागेला नावच दिले : आबेल-मिस्राईम, म्हणजे मिसरी लोकांचा शोक. पुढे मखपेलाच्या गुहेत, जी जागा अब्राहामाने एफ्रोन हित्तीकडून विकत घेतली होती तिथे, याकोबाला पुरले. मग सगळे मिसरला परतले.

या प्रवासातल्या तीन गोष्टींवर आपण थोडा विचार करू या : निघणे, थांबणे आणि परतणे.

निघणे

पहिली गोष्ट अशी की ७० दिवसांचा शोक पाळून झाल्यावरही योसेफाला निघावेसे वाटले. राज्याचा शोक झाला होता, रीत पुरी झाली होती. तरीही मुलाचा शोक शिल्लक होता.

आपल्याकडे काय होते? माणूस जातो, तासाभरात अंगण भरते. शवपेटी, फुले, धर्मगुरूंना निरोप, परदेशातल्या नातेवाइकांना फोन. रोज संध्याकाळी जपमाळ, आलेल्यांना चहा. मग मृत्यूचा दाखला, बँकेतले खाते, रेशनकार्डावरचे नाव कमी करणे. हे सगळे प्रेमाने आणि कर्तव्य म्हणून आपण करतो, ते आवश्यकही आहे. पण या धावपळीत घरच्या मोठ्या मुलाला किंवा मुलीला रडायला सवड मिळत नाही. आखातातून, कॅनडातून चार दिवसांची रजा काढून आलेला मुलगा दफनविधी उरकतो आणि पुन्हा विमानात बसतो. कित्येकांनी तर आपल्या आईचा अंत्यविधी मोबाइलच्या पडद्यावर पाहिला आहे. दुःख बाजूला ठेवलेले असते, संपलेले नसते.

संत ऑगस्टीन यांचा अनुभव असाच आहे. इ. स. ३८७ मध्ये ते आईसह आफ्रिकेला, आपल्या घरी परतायला निघाले होते. रोमजवळच्या ओस्तिया बंदरात जहाजाची वाट पाहत असताना संत मोनिका आजारी पडल्या आणि वयाच्या छपन्नाव्या वर्षात तिथेच वारल्या. आईचे डोळे ऑगस्टीननी स्वतः मिटले. पण दफन होईपर्यंत त्यांनी डोळ्यांत पाणी येऊ दिले नाही. मन हलके होईल म्हणून ते स्नानाला गेले, त्याचा उपयोग झाला नाही. रात्री झोप लागली, त्याने थोडे बरे वाटले. आणि मग एकांतात, देवासमोर, अडवून धरलेले अश्रू त्यांनी वाहू दिले. आईसाठी आपण थोडा वेळ रडलो याला कुणी पाप म्हणेल, ही शंका त्यांनाही आली होती. 'हे पाप आहे का?' असे विचारणाऱ्या माणसाने म्हणूनच फार घाबरू नये. तो चांगल्या सोबतीत आहे.

पुढे संत थॉमस अक्विनस यांनी आपल्या 'सुम्मा'मध्ये दुःखावर उपाय कोणते याचा पद्धतशीर विचार केला. एवढ्या मोठ्या ईशज्ञानाच्या ग्रंथात त्यांनी पाच उपाय सांगितले आहेत : मनाला आनंद देणारी गोष्ट, अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन आणि पाचवा उपाय म्हणजे झोप व स्नान. कोंडलेले दुःख अधिक टोचते, बाहेर आले म्हणजे मन त्याच्याभोवतीच घुटमळत राहत नाही, असे ते म्हणतात. माणूस म्हणजे केवळ आत्मा नव्हे, तो देहही आहे, हे त्यांना चांगले ठाऊक होते. म्हणून थकलेल्या मुलीला 'जरा बाहेर पड, मोकळी हवा घे' असे सांगणे श्रद्धेच्या विरोधात नाही.

मात्र एक भेद लक्षात ठेवावा. प्रवास दोन प्रकारचा असतो. एका प्रवासात माणूस मृताला मागे टाकून पळतो. रिसॉर्ट, मोठ्याने लावलेली गाणी, बाटली. घरी परतल्यावर दारातच ते दुःख पुन्हा वाट पाहत उभे असते. दुसऱ्या प्रवासात माणूस मृताला सोबत नेतो. योसेफ वडिलांना घेऊन निघाला होता. माझ्याकडे आलेल्या त्या भाविकाला मी एवढेच विचारले, "बाबांना सोबत नेताय की मागे ठेवून जाताय?"

थांबणे

तो गेला. जुन्या गोव्यात त्या वर्षी २१ नोव्हेंबरपासून संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन खुले होते. दर दहा वर्षांनी होणारे हे दर्शन ५ जानेवारी २०२५ पर्यंत चालले. त्याच्या बाबांनी १९९४ च्या दर्शनाला सगळ्या मुलांना भाड्याच्या जीपमधून नेले होते. म्हणून त्याने तीच वाट धरली. सोबत आई, लग्न झालेली बहीण आणि नाताळच्या सुट्टीवर आखातातून आलेला धाकटा भाऊ. पुढची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगतो.

महाडपर्यंत गाडीत कुणी फारसे बोलले नाही. दोन्ही भावांत आतून ताण होता. थोरल्याला वाटे, बाबांचे आजारपण मी एकट्याने काढले. धाकट्याला वाटे, पैसे मी पाठवले आणि मला काही सांगितलेच नाही. पोलादपूर गेले, कशेडीच्या नव्या बोगद्यातून गाडी पलीकडे निघाली तेव्हा बहीण म्हणाली, "अरे, घाट गेला!" १९९४ साली त्याच घाटात थोरल्याला गाडी लागली होती. बाबांनी जीप थांबवून, रस्त्याकडेच्या झऱ्यावर नेऊन आपल्या हातांनी त्याचे तोंड धुतले होते. ती आठवण निघाली, सगळे हसले आणि हसता हसता थोरला रडू लागला. त्याने खेडच्या अलीकडे एका चहाच्या टपरीपाशी गाडी उभी केली.

तिथे धाकट्याने विचारले, "शेवटच्या रात्री बाबा काय म्हणाले?"

तीन महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. ज्याने ती रात्र जागून काढली होती त्याला सांगायला कुणी नव्हते, आणि जो दूर होता त्याला विचारायचा धीर होत नव्हता. थोरल्याने सगळे सांगितले. श्वास कसा लागला, पाणी कसे मागितले, कुणाकुणाची नावे घेतली, त्यात धाकट्याचे नाव किती वेळा आले. आई पुढच्या सीटवर जपमाळ हातात घेऊन ऐकत होती. तासाभराने गाडी पुढे निघाली.

बंधू-भगिनींनो, हे त्यांचे अटादचे खळे होते. योसेफ त्या खळ्यावरच का थांबला, याचे कारण पवित्र शास्त्र देत नाही. पण ज्यांच्या घरी भातशेती होती त्यांना खळे म्हणजे काय हे सांगायला नको. मोकळी, वाऱ्याची जागा. तिथे झोडपणी होते, वारे देतात, फोल उडून जाते आणि दाणा खाली राहतो. शोकातही असेच होते. कोण किती वेळा आले, कुणी किती खर्च केला, दवाखान्यात कोण झोपले, हे सगळे झोडपून निघावे लागते. मग जे उरते ते आईवडिलांचे खरे देणे असते. पण त्यासाठी थांबावे लागते. घरातल्या घरात ते अवघड जाते, कारण तिथे प्रत्येकाची जागा आणि प्रत्येकाची तक्रार ठरलेली असते. गाडीत सगळ्यांची तोंडे पुढे असतात, एकमेकांच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही, आणि म्हणून कधी कधी बोलणे सोपे जाते.

सगळ्यांचेच आईवडील प्रेमळ होते असे नाही, हेही मला ठाऊक आहे. कुणाचे वडील दारू पीत असत, कुणाची आई एका मुलावर माया करी आणि दुसऱ्याला दूर लोटी. अशांचा शोक अधिक कठीण असतो, कारण त्यात रागही मिसळलेला असतो. याकोबही आदर्श पिता नव्हता. त्याने एकाच मुलाला सुंदर झगा दिला आणि बाकीच्यांच्या मनात विष कालवले गेले. त्या झग्यापायी योसेफ विकला गेला. तरी योसेफ अशा वडिलांसाठी सात दिवस रडला. राग असला तरी रडता येते. दोन्ही गोष्टी देवासमोर ठेवता येतात.

गोव्याच्या त्या दर्शनाबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ज्या संताला भेटायला हे कुटुंब गेले, तो संत स्वतः परक्या किनाऱ्यावर मरण पावला. संत फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर वारले. आप्त कुणी जवळ नव्हते. त्यांचा देह आधी मलाक्काला आणि मग १५५४ साली गोव्याला आणण्यात आला. मृतांना घेऊन वाट चालणे ख्रिस्तसभेला नवे नाही.

परतणे

योसेफाच्या प्रवासाची खरी कसोटी मखपेलाच्या गुहेपाशी झाली नाही, ती घरी परतल्यावर झाली. वडील गेले हे पाहून भाऊ घाबरले. आजवर मध्ये बाप होता. आता योसेफाने जुना सूड उगवला तर? त्यांनी निरोप पाठवला की, भावांना क्षमा कर असे बाबा सांगून गेले आहेत. तो निरोप ऐकून योसेफ पुन्हा रडला. मग भाऊ येऊन पाया पडले तेव्हा तो म्हणाला की भिऊ नका, मी काय देवाच्या ठिकाणी आहे? तुम्ही वाईट योजले, पण देवाने त्यातून चांगले घडवले. आणि त्याने त्यांना धीर दिला, त्यांच्या मुलाबाळांना पोसण्याचे वचन दिले.

आपल्या गावांतही नेमके याच वेळी घरे फुटतात. बाप असेपर्यंत चूल एक नसली तरी नाताळचे जेवण एकत्र असते. बाप गेला की सातबारा बाहेर निघतो. बहिणीपुढे हक्कसोड पत्र ठेवले जाते, कधी मिस्सेची फुले सुकण्याआधीच. 'सही कर, सगळ्या बहिणी करतात' असे म्हटले जाते. तिला आपला वाटा सोडायचा असेल तर तो तिचा मोठेपणा आहे. तो तिच्याकडून काढून घेणे हा भावांचा हक्क नाही. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या मेरी रॉय खटल्यातील निकालाने केरळच्या त्रावणकोर भागातील ख्रिस्ती मुलींना वडिलांच्या संपत्तीत भावांच्या बरोबरीने हक्क मिळाला. आपल्याला लागू असलेला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदाही, मृत्युपत्र नसेल तेव्हा, मुलगा आणि मुलगी यांच्या वाट्यात भेद करीत नाही. जे देशाचा कायदा मान्य करतो ते प्रभूच्या वेदीसमोर गुडघे टेकणाऱ्याने नाकारावे का?

उत्पत्तीच्या पुस्तकात वडिलांची तीन दफने आहेत आणि तिन्ही वेळी दुरावलेले भाऊ कबरीपाशी एकत्र येतात. अब्राहामाला इसहाक आणि इश्माएल यांनी मिळून पुरले. इश्माएलला तर लहानपणीच घराबाहेर काढले होते. इसहाकाला एसाव आणि याकोब यांनी पुरले. एक काळ असा होता की एसाव याकोबाचा जीव घ्यायला टपला होता. आणि याकोबाला त्याच्या सर्व मुलांनी मिळून पुरले; ज्यांनी भावाला विकले तेही होते आणि जो विकला गेला तोही होता. बापाची कबर ही देवाने दिलेली संधी आहे. ती वारंवार येत नाही.

मी सांगितलेल्या कुटुंबाचे सगळे प्रश्न गोव्याहून आल्यावर सुटले असे मी म्हणणार नाही. पण परतल्यावर पहिल्याच रविवारी दोन भाऊ आणि बहीण आईसमोर एका टेबलाशी बसू शकले, आणि बहिणीपुढे कागद ठेवायची घाई कुणी केली नाही. मला वाटते, ज्या प्रवासातून एवढे साधले तो प्रवास प्रार्थनाच होता.

वाटेवरचा सोबती

शुभवर्तमानातही शोकाची एक वाट आहे. पुनरुत्थानाच्या दिवशी क्लयपा आणि त्याचा सोबती यरुशलेम सोडून एम्माऊसला निघाले होते. अंतर सुमारे ११ किलोमीटर. चेहरे उतरलेले. प्रभू येशू त्यांच्याबरोबर चालू लागला, पण त्याने लगेच ओळख दिली नाही. त्याने आधी विचारले, 'तुम्ही कशाविषयी बोलत आहात?' जे घडले ते त्याच्याहून अधिक कोण जाणत होते? तरी त्याने त्यांना सगळे सांगू दिले. मग शास्त्र उलगडले, मग भाकर मोडली, तेव्हा त्यांचे डोळे उघडले. आणि रात्र झाली होती तरी ते त्याच घटकेला उठून परतले. जिथून ते दुःखाने निघाले होते, तिथेच त्यांना आपल्या माणसांकडे जायचे होते.

तुमच्या गाडीतही तो बसतो. तुम्ही त्याला ओळखाल किंवा नाही ओळखणार, तो विचारतो, "काय बोलत होता?" त्याला सांगा.

काही व्यावहारिक सूचना

पहिली : निघण्यापूर्वी मृतासाठी मिस्सा ठेवा आणि मिस्सेतूनच निघा. संत मोनिका यांनी मुलांना सांगितले होते की देह कुठेही पुरा, पण प्रभूच्या वेदीपाशी माझे स्मरण ठेवा.

दुसरी : मागे राहिलेल्या जोडीदाराला एकटे घरी ठेवून जाऊ नका. प्रकृती झेपत असेल तर आईला किंवा वडिलांना सोबत न्या, नाहीतर प्रवासच छोटा करा. पन्नास वर्षांची सोबत सुटलेल्या माणसाला चार दिवसांचे रिकामे घर फार मोठे होते.

तिसरी : जिथे आईवडील कामाला होते, जिथे त्यांचे लग्न झाले, जिथे ते तुम्हाला घेऊन गेले होते, अशा ठिकाणी जा. मुलांना दाखवा. त्यांचे नाव मोठ्याने घ्या.

चौथी : ज्या कुटुंबांत दहन झाले आहे त्यांनी ध्यानात ठेवावे की रक्षा समुद्रात, नदीत किंवा डोंगरावर विखुरू नये, असे व्हॅटिकनने २०१६ साली स्पष्ट केले आहे. ती दफनभूमीत किंवा अशाच पवित्र जागी ठेवावी, म्हणजे पुढच्या पिढीलाही प्रार्थनेसाठी एक ठिकाण राहते. अब्राहामाने मोजून दिलेल्या चांदीच्या ४०० शेकेलांचा अर्थ हाच होता.

पाचवी : ज्यांच्याकडे गाडी नाही, रजा नाही, पैसे नाहीत, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. घरापासून दफनभूमीपर्यंतची वाटही प्रवासच आहे. या महिन्यात एका संध्याकाळी ज्या भावाशी किंवा बहिणीशी बोलणे नाही, त्याला किंवा तिला निरोप पाठवा आणि दोघे मिळून चालत जा. कबरीपाशी थोडा वेळ थांबा. मग एकत्र घरी या.

प्रार्थना करू या :

हे दयाळू पित्या, आमच्या आईवडिलांना तुझ्या घरी विसावा दे. त्यांनी आमच्यासाठी जे सोसले त्याचे फळ त्यांना दे, आणि त्यांच्याकडून जे उणे राहिले त्याची क्षमा कर. आम्हा भावंडांच्या मनांतले फोल उडवून लाव आणि दाणा राख. आमच्या शोकाच्या वाटेवर तुझा पुत्र आमच्याबरोबर चालो, आणि आम्हाला पुन्हा एकमेकांच्या दाराशी आणून पोहोचवो. आमेन.

ख्रिस्तात तुमचा,
धर्मगुरू